सुरक्षा सप्ताहातली गोष्ट

गोरक्ष धोंगडे किती शिकला, असं कोणी विचारलं तर एका दमात उत्तर देता येत नाही. दहावीला इंग्रजीत तीनदा नापास, चौथ्यांदा पास. मधली दोन वर्षं आळंदीला. मग आयटीआय, मग कारखाना, मग सायकलवर तांदूळ, मग मुक्त विद्यापीठाचं बी.ए., एम.ए. आणि आता सिडकोतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. यातलं कारखान्यापासून सायकलीपर्यंतचं वळण माझ्यामुळे आलं. चारचौघांत हे मी अजून कबूल केलेलं नाही, म्हणून लिहून बघतो आहे.

मी धनराज आहेर, मूळचा देवळ्याचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा लाइन इनचार्ज होतो. गोरक्ष नव्वद साली माझ्या हाताखाली ऑपरेटर म्हणून आला. तो घोटीजवळच्या खेड्यातला, बुटका, काटक, गळ्यात तुळशीची माळ. आठ दिवसांत सगळे त्याला बुवा म्हणायला लागले आणि त्यालाही ते आवडायचं.

त्याचं खरं शिक्षण घोटीच्या भात गिरणीत झालं, असं तो सांगायचा. दहावीला पहिल्यांदा गचकल्यावर बापाने त्याला तिथे पोती शिवायला लावला. गिरणीत पुंजाबाबा नावाचे म्हातारे हमाल होते. त्यांना सही येत नव्हती, पण संतांच्या हजारेक ओव्या तोंडपाठ होत्या. ते सकाळी गोरक्षला एक ओवी द्यायचे आणि संध्याकाळी म्हणून घ्यायचे. चुकला की दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर भाकरी खायचे नाहीत. "मास्तरच्या छडीची भीती नाय वाटली," गोरक्ष म्हणायचा, "पण बाबा पाठ फिरवून जेवाया बसले की लय लागायचं."

पुढे तो आळंदीला शिकायला गेला. तिथे दोन वर्षांनी एका ओवीच्या अर्थावरून गुरुजींशी वाद घातला. गुरुजी म्हणाले, गप बस. हा गप बसला, पण घोटीला येऊन. हट्टी तर तो होताच, शिवाय दुसऱ्याच्या चुका काढायची खोडही होती. कीर्तनाला गेला की बुवांचा एखादा शब्द चुकल्यावर पहिल्या रांगेतून मोठ्याने दुरुस्त करायचा. दोनदा लोकांनी त्याला उचलून मागे नेऊन बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की तो साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा आणि ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही काढायचा. त्यात पाठ केलेल्या ओव्यांचे त्याने स्वतः लावलेले अर्थ असत. हळूहळू मी शेजारी बसायला लागलो. आधी टिंगल करायला बसायचो, मग ऐकायला. माझ्या आयुष्यात मला कोणी एवढ्या मनापासून काही समजावलेलं नव्हतं. ब्याण्णव साली एका एकादशीला तो मला त्र्यंबकला घेऊन गेला आणि तिथल्या एका महाराजांच्या हातून माझ्या गळ्यात माळ घालून घेतली. येताना एसटीत म्हणाला, "धनराजभाऊ, आता तुमचा शब्द लोक न तपासता घेतील. सांभाळून बोलत जा."

ते खरंही होतं. आमच्याकडे बांधाचं भांडण असो की सोयरीक, माळकऱ्याने सांगितलं की विषय संपतो. माळकरी खोटं बोलत नाही, असं सगळे धरून चालतात. आणि माळकऱ्याला एखाद दिवस मटणाची सागुती खायचीच झाली, तर तो माळ काढून खुंटीला टांगतो, खाऊन घेतो आणि आंघोळ करून पुन्हा घालतो. देव त्या दिवसापुरता खुंटीवर, अशी ही सोय. गोरक्षला हे बिलकूल खपत नसे. मी हसायचो. पुढे हीच सोय मी वापरली.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरमध्ये मोठी ऑर्डर आली. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसच्या साच्यापुढे लोखंडी जाळी असते. ती खाली आल्याशिवाय प्रेस पडत नाही, त्यामुळे कामगाराचा हात आत सापडत नाही. पण जाळीमुळे काम सावकाश होतं. मी तीन प्रेसच्या जाळ्या काढायला लावल्या. लेखी काही नाही, नुसतं तोंडी. गोरक्ष म्हणाला, "भाऊ, जाळी काढली तर हात कोण राखील?"

मी म्हणालो, "तुझा पांडुरंग राखील की."

बाकीचे हसले. गोरक्ष हसला नाही, पण कामाला लागला. मी सांगितलं होतं म्हणून लागला, हे मला तेव्हाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची दोन्ही. मीच त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वाटेत त्याने हाताकडे पाहिलं नाही. डोळे मिटून ओव्या म्हणत होता आणि एक ओवी अडली तेव्हा मागे जाऊन पुन्हा म्हणाला.

पंधरा दिवसांनी त्याच्या नावाने चार्जशीट निघालं. कामात निष्काळजीपणा. पर्सोनेल ऑफिसरने मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. खोटं बोल असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला, "आहेर, जाळी कोणाच्या सांगण्यावरून निघाली, हे विचारलं जाणार. नाहीतर मग तो नेहमीसारखा वही वाचत बसला असेल. तुम्ही बघा." मी बघितलं. माझी सुपरवायझरची बढती टेबलावर होती, घरी पहिल्या बाळाची वाट बघणं चालू होतं, आणि खरं म्हणजे ही सगळी नंतर जुळवलेली कारणं आहेत. मी घाबरलो होतो, एवढंच खरं.

चौकशीच्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर मी माळ काढून देवाजवळच्या खुंटीला अडकवली. बायको, संध्या, दारातून बघत होती. "आज कुणाकडं मटणाचं आवतण हाय का?" तिने हसत विचारलं. तीन वर्षांहून जास्त मी रोज ज्याच्या शेजारी बसून अर्थ ऐकले होते, त्याच्यावर खोटं बोलायला निघालो होतो. आणि मनात हिशेब असा, की माळ घरी आहे म्हणजे पाप अर्धंच लागेल. लहान पोरालाही असा विचार करायची लाज वाटली असती.

चौकशीला बाहेरचे एक वकील अधिकारी म्हणून बसले होते. गोरक्ष हाताला पट्टी बांधून समोरच्या खुर्चीत. मी सांगितलं की जाळी जागेवर होती, ती त्यानेच सरकवली असावी, आणि प्रेस चालू असताना तो मांडीवर वही ठेवून वाचत होता. बोलताना मी वकिलांच्या पेनाकडे बघत होतो. संपल्यावर वकिलांनी गोरक्षला विचारलं, "साक्षीदाराला काही विचारायचं आहे का?"

गोरक्ष माझ्या गळ्याकडे बघत होता. मी शर्टाचं वरचं बटण लावलं होतं, तरी माझा हात तिथे गेलाच.

"नाय साहेब," तो म्हणाला. "भाऊंनी माळ घरी ठेवलीय. आज त्यांना काय विचारायचं?"

वकिलांना काही कळलं नाही. त्यांनी लिहून घेतलं, उलटतपासणी नाही. महिन्याभरात गोरक्षला काढून टाकलं. चौकशीच्याच दिवशी संध्याकाळी मी आंघोळ करून माळ परत घातली होती. आजही ती माझ्या गळ्यात आहे. लोक अजून माझा शब्द न तपासता घेतात.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, सिडकोत कोणाची गोष्ट लपत नाही. गोरक्ष सायकलवर घोटीचा तांदूळ आणून गल्लीगल्लीत विकायला लागला. संध्याला त्याचा चेहरा माहीत नव्हता. तिने एकदा तांदूळ घेतला, तेव्हा त्याने दारावरची पाटी वाचली आणि म्हणाला, "आहेरभाऊंना सांगा, नवा तांदूळ हाय, पाणी बेतानं घाला." मी त्या वेळी आतल्या खोलीत होतो. आवाज ओळखला आणि पंखा मोठा केला. रात्री तो भात मऊसूत झाला होता. मी दोनदा वाढून घेतला.

त्याच काळात त्याने मुक्त विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. उजव्या हातात पेन ठरत नव्हतं, म्हणून तिशीत डाव्या हाताने अक्षर गिरवायला बसला, मुलीच्या बालवाडीच्या पाटीवर. बी.ए.ला पहिल्या वर्षी दोन पेपर वेळेत लिहून झाले नाहीत म्हणून राहिले, पुढच्या वर्षी काढले. एम.ए.ला मराठी घेतलं. तोंडी परीक्षेत सरांनी एका ओवीचा अर्थ सांगितला तर हा म्हणे त्यांच्याशी भांडला, आणि या वेळी सर म्हणाले, तुमचं बरोबर आहे. ते ऐकून मला इतका आनंद झाला की लगेच शरम वाटली. त्याच्या आनंदात मी कुठे बसतो? दर रविवारी तो एका सभामंडपात बायकांना ओव्यांचे अर्थ सांगतो हेही कळलं. माझ्या घरापासून ते ठिकाण दहा मिनिटांवर आहे. तिथे मी कधी गेलो नाही.

मी काय करत होतो? मी सुपरवायझर झालो, मग संध्याकाळचा डिप्लोमा करून सेफ्टी ऑफिसर. हो, सेफ्टी ऑफिसर. दर मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असतो, तेव्हा नव्या लोकांपुढे भाषण द्यावं लागतं. पहिल्या वर्षी भाषण पडलं. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापक म्हणाले, एखादं उदाहरण द्या, लोकांना गोष्टी आवडतात. मी गोरक्षची गोष्ट सांगितली. नाव न घेता, 'आमचे एक बुवा' म्हणून. लोक हसले. पुढच्या वर्षी मी त्याला डोळे मिटून डोलायला लावलं. त्याच्या पुढच्या वर्षी तो एका हाताने टाळ वाजवत होता. "देव देव घरी करा, मशीनवर मशीन," असं म्हणून मी शेवट करायचो आणि टाळ्या पडायच्या. माझी माळ शर्टाबाहेर दिसत असायची, त्यामुळे गोष्टीला आणखी वजन यायचं. असं मी नऊ वर्षं केलं. एका दिवसाचं खोटं भीतीपोटी होतं, हे मी स्वतःला कसंबसं समजावू शकतो. या नऊ वर्षांचं काय सांगू? ते मला आवडत होतं.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये कॅन्टीनच्या हॉलमध्ये असंच भाषण झालं. समोर साठसत्तर जण होते, त्यात पॉलिटेक्निकचे नवे शिकाऊ. भाषण संपलं, चहा आला. लोक जागेवरच बसून बिस्किटं खात होते. मी बाहेर व्हरांड्यात चहाच्या टेबलाशी उभा होतो. शिकाऊंपैकी एक मुलगी माझ्याजवळ आली. चुरगळलेला निळा कोट, वेणी, खिशावर नावाची पट्टी. तेजस्विनी धोंगडे.

"सर," ती म्हणाली, "चौऱ्याण्णव साली दोन बोटं गेली ते माझे बाबा."

मी कप खाली ठेवला. गोरक्षकडे गेलो की चार वर्षांची ही मला काका म्हणायची, हे तिला आठवत असण्याचं कारण नव्हतं.

"ते टाळ नाही वाजवत सर. त्यांना तालच नाही," ती म्हणाली. चिडलेली नव्हती, पण आवाज सांभाळून बोलत होती. "त्या दिवशी काय झालं ते मी घरी खूपदा विचारलंय. बाबा सांगत नाहीत. म्हणतात, तिथे आणखी एक माणूस होता, सांगायचं काम त्याचं आहे. तो माळकरी आहे, आज ना उद्या सांगेल. पंधरा वर्षं झाली, आई चिडते त्यांच्यावर. तो माणूस अजून इथे आहे का? तुम्ही जुने आहात, तुम्हाला माहीत असेल."

मला पळून जावंसं वाटत होतं. पण तिचा बाप अजून माझी वाट बघत होता, हे ऐकल्यावर जीभ आपोआप हलली.

"तो मीच," मी म्हणालो. "जाळी मी काढायला लावली होती. ते वाचत नव्हते. मशीनवर त्यांनी वही कधीच उघडली नाही."

तिने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने हॉलच्या उघड्या दाराकडे मान वळवली.

"मग आत्ताच सांगा ना सर," ती म्हणाली. "सगळे अजून आत बसलेत."

आत खरंच सगळे बसलेले होते. माइक चालू होता, कोणीतरी त्यात फुंकर मारत होतं. व्यवस्थापक पहिल्या रांगेत होते. माझ्या निवृत्तीला चार वर्षं होती.

"येतो," मी म्हणालो. "एवढा चहा घेतो आणि येतो."

ती दाराशी जाऊन माझ्यासाठी दार धरून उभी राहिली. मी कप उचलला. चहा निवला होता, दोन घोटांत संपला असता. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, दोघं-तिघं बाहेर पडले, मग दहा-बारा. ती बाजूला होऊन त्यांना वाट देत होती आणि एका हाताने दार धरून होती. मी किटली उचलली आणि कपात आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला.