जुनी पेठ: पास की नापास

जुन्या इमारतींची यादी करणं सोपं असतं. यादी चार पानांत संपते. पण ती करताना कोण काय बोललं हे लिहून ठेवायची खोड असेल, तर एक वही भरते, दुसरी आणावी लागते. मग चार मित्र चहाला जमले की म्हणतात, "ती वही काढा हो." पेठेच्या मोजणीच्या अशा दोन वह्या माझ्याकडं आहेत. त्यातले काही किस्से सांगतो. सगळे सांगितले तर मला पेठेतून चालता यायचं नाही.

आधी प्रकरण काय होतं ते ऐका. आमचं गाव मानवतहून एस.टी.नं तासाभरावर, बाजाराचं. मी नगरपालिकेत रेकॉर्ड सांभाळायचो. लागलो शिपाई म्हणून. पुढं बाहेरून सातवीची परीक्षा दिली, आणि निजामाच्या वेळच्या उर्दू दफ्तराला कुणी हात लावेना म्हणून ते वाचायला आपलं आपण शिकलो. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष असेल. गावाचा नवा आराखडा निघाला आणि त्यात जुन्या पेठेचा रस्ता दुप्पट रुंद दाखवला. पेठेत समोरासमोर पंचवीस घरं. खाली दुकान, वर माडी, पुढं दगडी ओटा. रस्ता वाढला की आधी ओटे जाणार, मग घरांचे दर्शनी भाग.

मालकांना निदान मागची खोली तरी उरली असती. सरूबाई कासारणीला काहीच उरणार नव्हतं. नानाशेठच्या ओट्यावर ती तीस वर्षं बांगड्या भरत होती. तिच्या दुकानाला भिंत नव्हती, दार नव्हतं, छप्परही नव्हतं. दुकान म्हणजे तो ओटाच.

नगररचनेचे एक तरुण साहेब औरंगाबादेहून आले. त्यांनी पेठेतल्या लोकांना जमवून सांगितलं की पेठ जशी आहे तशी राखायची सोय कायद्यात आहे, मग रस्ता गावाबाहेरून नेता येईल. अट एकच. निम्म्याहून जास्त घरं जुन्या पेठेत भर घालणारी पाहिजेत. एकेकटं घर राजवाडा नसलं तरी चालेल. शेजारच्या घराशेजारी ते शोभतं का, जुना दगड, चुना, लाकूड जागेवर आहे का, एवढंच बघायचं. पंचवीसपैकी तेरा.

सगळे मालक माना हलवत होते. सरूबाई मागून म्हणाली, "साहेब, ओटा घरात धरतेत का रस्त्यात?"

साहेब म्हणाले, "घरात, बाई."

"मग मोजा लवकर," सरूबाई म्हणाली.

* * *

मोजणीला आम्ही तिघं: मी, शाळेतले ड्रॉइंगचे जोशी मास्तर, आणि वजीरमामू गवंडी. पहिल्या दिवशी साहेब स्वतः बरोबर होते.

सुरुवात नानाशेठच्या घरापासून. त्यांच्या चौकटीवर एक कोरलेला दगड आहे, त्यावर उर्दू आकड्यांत साल. पुढचे दोन आकडे दिसतात, मागचे दोन झिजलेले. साहेबांनी मला वाचायला सांगितलं. मी म्हटलं, तेराशे आणि वर काहीतरी.

साहेबांच्या हातातली पेन्सिल थांबली. "तेराशे? म्हणजे सहाशे वर्षांचं घर!"

नानाशेठनी छाती पुढं काढली. घर आपल्या खापरपणजोबांच्याही खापरपणजोबांनी बांधलं, असं आपण ऐकून होतो, असं ते सांगू लागले. साहेब लिहून घ्यायला लागले. मला राहवेना. ही खोडच वाईट. मी म्हणालो, "साहेब, हे फसली साल आहे. निजामाच्या राज्यात हेच चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवा, म्हणजे इसवी सन."

साहेबांनी मिळवले आणि लिहिलेलं खोडलं. घर फार तर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं निघालं. खापरपणजोबांच्या ऐवजी वडिलांनी बांधलेलं.

साहेब म्हणाले, तेवढं वय पुरेसं आहे, घर चांगलं आहे, पास. पण नानाशेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. भेटेल त्याला सांगायचे, "नगरपालिकेतल्या त्या कारकुनानं उभ्या उभ्या माझी पाचशे वर्षं खाल्ली."

* * *

वजीरमामूंचा त्रास वेगळाच. माणूस प्रामाणिक, आणि हाताचा कलावंत. साहेब एका अत्तरवाल्याच्या दुकानाखाली थांबले आणि कमानीकडं बघत राहिले. असं काम आता होणं नाही, म्हणाले. ते कारागीर गेले, ती माणसं गेली.

मामू खाकरले. "गेलो न्हाई साहेब, हितंच हाय. पुलिस ॲक्शनच्या दोन बरसांनंतर मीच बसवली ही."

अत्तरवाल्याचा चेहरा पडला. पुढच्या घरी साहेबांनी महिरप बघितली. मामू म्हणाले, ही पण. त्याच्या पुढच्या घरी साहेबांनी तोंड उघडायच्या आधी मामूंनी मान डोलावली.

तीन घरांचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, मामूंना कुठं तरी चहाला बसवा. मी बसवलं. हाटेलात एक जुना कोनाडा होता. मामूंनी हाटेलवाल्याला सांगितलं, हा पण माझाच.

साहेबांनी मात्र कमान मोजणीत ठेवली. त्यांचं म्हणणं असं की जुन्या रीतीनं, चुन्यात बसवलेली आहे ना, मग झालं. हे कळल्यावर अत्तरवाला मामूंना घरी जेवायला घेऊन गेला.

* * *

जोशी मास्तरांकडं प्रत्येक घराचं चित्र काढायचं काम होतं. मास्तरांना वाकडी रेघ काढता येत नाही. शाळेत मुलांना कधी काढू दिली नाही, स्वतः कशी काढतील? पेठेतल्या एका घराच्या माडीला आमच्या माहितीत कायम डावीकडं झुकण्याची सवय. मास्तरांनी ती पट्टी लावून ताठ उभी केली, खिडक्या एका ओळीत आणल्या, गॅलरीचे खांब सारखे केले.

घरमालकाला चित्र एवढं आवडलं की तो ते घेऊन मामूंकडं गेला. "मामू, घर ह्या चित्रासारखं करून द्या."

मामूंनी चित्र उभं धरलं, आडवं धरलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "करून देतो. पण जिना त्या वाकड्या भागात व्हता, तो मास्तरनी सरळ केला. आता वर जायाला खिडकीतून शिडी लावायची का?"

* * *

साहेबांची कच्ची यादी नगरपालिकेच्या बोर्डावर लागली आणि मॅट्रिकच्या निकालासारखी गर्दी झाली. पंधरा घरं भर घालणारी, दहा न घालणारी. गावानं त्याचं लगेच पास आणि नापास केलं. नळावर बायका एकमेकींना विचारायला लागल्या, तुमचं पास झालं का हो? नापास घरातली सून माहेरी गेली तेव्हा तिच्या भावानं म्हणे विचारलं, पुन्हा बसायची सोय हाय का?

सगळ्यात जास्त लागलं ते दगडूशेठ किराणावाल्याला. वर्षापूर्वी त्यानं जुनं पाडून सिमेंटचा स्लॅब टाकला होता. तेव्हा पेठेतला तो पहिला स्लॅब, बघायला गाव लोटलं होतं. आणि आता तो नापास. माझ्या टेबलासमोर बसून त्यानं विचारलं, जुनं व्हायला साधारण किती दिवस लागतेत. मी म्हणालो, पन्नास वर्षं तरी. तो विचार करत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेठेत धूर. दगडूशेठनं घरापुढं ओल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या आणि कापसाच्या त्या काड्यांचा काळा धूर सुपानं वारा घालून तो भिंतीकडं वळवत होता. लोकांना वाटलं, दुकानाला आग लागली. अर्धी पेठ घागरी घेऊन धावली. विस्तव विझला, भिंत धुऊन निघाली, पोतंभर साखर भिजली.

दगडूशेठ डोक्याला हात लावून बसला. "का विझवलं रं? आताच शंभर वर्षाचं झालं व्हतं."

* * *

शेवटचा किस्सा पक्क्या तपासणीचा.

साहेब येणार म्हणून पत्र आलं. त्यानंतर मी चार दिवस भाचीच्या लग्नासाठी चारठाण्याला गेलो. परत आलो, पेठेत शिरलो आणि माझे पाय थांबले. सगळी पेठ रंगवलेली. आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की घराला रंग देतात, मग पाहुणा सरकारी असला तर जास्तच. नानाशेठनी पुढाकार घेतला होता म्हणे. दगडावर निळा ऑइलपेंट, चुन्यावर पिवळा डिस्टेंपर, सागवानी खांबांना चॉकलेटी. दोघा-तिघांनी तर दगडांच्या सांध्यांवर सिमेंटचा गिलावा ओढला होता. वजीरमामू आपल्या कमानीखाली उभे होते. ती गुलाबी झाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. कुठं नखानं खरवडून बघितलं. शेवटी म्हणाले, "याच्याखाली काय आहे ते मला दिसत नाही. जे दिसत नाही ते मी कसं लिहू?" त्यांनी फाइल बंद केली. म्हणजे तेराच काय, तीनसुद्धा घरं नाहीत. नानाशेठ आवाज खाली आणून शेजाऱ्याला सांगत होते की रस्ता झाला तर झाला, पुढं शटरवाली दुकानं काढता येतील.

सरूबाईनं बांगड्यांची पेटी बंद केली आणि ओट्यावर तशीच बसून राहिली.

चौकातल्या लिंबाखाली माझे वडील बसलेले होते. मी साहेबांबरोबर हिंडतो ते बघायला त्या दिवशी मुद्दाम आले होते. वय पंचाहत्तरच्या पुढं, हातात काठी. आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालो. त्याच्या आधीची त्यांची सगळी उमर याच पेठेतल्या लोकांची लाकडं फोडण्यात आणि सांगावे पोचवण्यात गेलेली. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, रंग पुढून दिलाय. मागून कोण द्यायला?"

साहेबांनी विचारलं, "मागून वाट आहे?"

"बोळ हाय की, सगळ्या पेठेला मागून वळसा घालणारा."

नानाशेठ म्हणाले, "ए राघ्या, तुला कुणी विचारलं? साहेब, तिकडं बघण्यासारखं काही नाही. घाण आहे."

वडील उठले. "माझी वाट तीच व्हती साहेब. पुढून यायची सोय नव्हती आमाला. चला, दाखवतो."

बोळ जेमतेम दीड माणसाचा. मधून गटार, वर मोऱ्यांचे पन्हळ. पण पेठेच्या बाजूला सगळ्या काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, जशा बांधल्या तशा. साहेबांनी हात लावला आणि फाइल पुन्हा उघडली. वडील पुढं चालत सांगत होते, काठी न टेकता तिनं नुसतं दाखवत: हे अत्तरवाल्याचं, ह्या मोरीखाली लाकडं टाकायचो. हे कापडवाल्याचं, ह्यांच्या म्हातारीच्या हातची भाकर मोठी असायची. हे दगडूशेठचं, आता सिमेंट, हे सोडा. साहेब दगड बघून खूण करत होते.

मग अडचण आली. मागून घरांना नंबर नसतात. उद्या एखादा मालक म्हणेल ही भिंत माझी नव्हेच, तर सगळंच बसेल. साहेबांनी कॅमेरा काढला आणि सांगितलं, प्रत्येक मालकानं आपापल्या भिंतीशी उभं राहावं, फोटो घेतो. जो उभा राहील त्याचंच घर मोजणार.

मालक एकेक करून बोळात आले. धोतरं वर धरलेली, नाकाला रुमाल. आणि कुणालाच आपली भिंत सापडेना. जन्म पेठेत गेला, पण मागून घर बघायची वेळ कधी आलीच नव्हती. कापडवाला आणि तेलवाला एकाच भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि दोघंही हटेनात. वडिलांनी तेलवाल्याला सांगितलं, "तुमी सरका. तुमचं ह्याच्या पुढचं, जिथं वड उगवलाय." तेलवाला सरकला. त्याला बघून बाकीचे भिंत शोधायची सोडून सरळ वडिलांकडं बघायला लागले. ते काठी करतील तिकडं जाऊन उभे राहायचे. बारा झाले. बाकीच्यांनी मागूनही सिमेंट केलेलं होतं, किंवा ते गावात नव्हते.

तेरावे नानाशेठ. ते बोळाच्या तोंडाशी उभे होते आणि आत यायची त्यांची लक्षणं नव्हती. साहेबांनी दोनदा बोलावलं. शेठनी दोनदा घड्याळ बघितलं.

सरूबाई त्यांच्या मागं येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "शेठ, तीस वर्षं तुमच्या ओट्यावर हाय. कधी काही मागितलं न्हाई. चार पावलं आत जावा."

शेठनी जोडे काढले, हातात घेतले आणि गटार वाचवत आत आले. एका भिंतीशी थांबले, पुढं गेले, परत मागं आले. सगळी पेठ बघत होती. शेवटी माझ्या वडिलांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले,

"राघोजी, यातलं माझं कोणतं?"

वडिलांनी काठी पुढं केली. "अजून दोन भिंती, शेठ. वाकून जावा. वर तुमच्याच न्हाणीचा पन्हळ हाय."

नानाशेठ वाकले, आणि तेराव्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.