तानीच्या दंडावरची लस

पाटलाच्या आईनं लसीची पेटी गोठ्याच्या छपरावर ठेवली होती. भर वैशाखात, आठ दिवस उन्हात. मी पेटी उघडली तर काचेच्या नळ्यांचा बोटाला चटका बसला. मी कपाळावर हात मारून घेतला.

"आज्जी, थंड जागी ठेवा म्हणून सांगितलं होतं की!"

"घरात कशी घिऊ? महारवाड्यात जाऊन आलीय न्हवं ती! आन् तुमी बी मुसलमान."

पेटीला एकदम दोन विटाळ. म्हातारीचं तरी काय चुकलं!

मी कोल्हापूर दरबारच्या नोकरीत देवी काढणारा होतो. म्हणजे पोरांच्या दंडावर सुईनं ओरखडे काढायचे आणि त्यात लस भरायची. आठव्या दिवशी तिथं फोड टरारून येतो, की पोर देवीच्या रोगातून सुटलं. लस नळीतून यायची. नळी नसेल तर एका पोराच्या पिकलेल्या फोडातलं पाणी घेऊन दुसऱ्याला लावायचं.

कागलकडचं ते गाव. रोग शेजारच्या गावात आला होता, तिथली दोन पोरं गेली होती. इथं पाटलाचा नातू तीन वर्षांचा, एकुलता एक, आणि दंड कोराच.

मग आधी त्यालाच का नाही टोचला? तर ती आमच्या खात्याची रीत. आमचे इन्स्पेक्टर, त्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो, मी निघताना म्हणाले होते, "शेख, नळ्या नव्या आहेत. आधी महारवाड्यात लावून बघ. बाधल्या तर तिथं बोभाटा होत नाही." मी "जी" म्हणालो, आठ दिवसांपूर्वी तिथल्या सात पोरांना लावली आणि उरलेल्या नळ्यांची पेटी पाटलाकडं ठेवून गेलो. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तिथल्या गोजराबाईनं पाणी विचारलं, तर तहान नाही म्हणालो. मग पाटलाच्या दारात जाऊन ओंजळीनं घटाघटा प्यालो. तेही वरून ओतलेलं.

आता नळ्या बाद झाल्या. नव्या यायला पंधरा दिवस लागणार. मी धावत महारवाड्यात गेलो. सातातल्या सहा पोरांनी खाजवून फोड फोडलेले. राहिली गोजराबाईची सहा वर्षांची तानी. आईनं तिच्या दंडाला फडकं बांधून आठ दिवस पहारा केला होता. तीन फोड, अख्खे, टपोरे. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

पाटलाच्या सोप्यात मात्र कुणी नाचलं नाही. रावसाहेब त्याच दिवशी तपासणीला आले होते, तेही बसलेले.

"महाराच्या पोरीचं पाणी माझ्या नातवाच्या अंगात?" पाटील गरजले. "डोस्कं फिरलं काय पावणं?"

"मग थांबू पंधरा दिवस," मी म्हणालो. "रोग थांबतो का विचारा."

पाटील जरा खाली आले. "ती लस इस्तवावर धरून सोवळी करता ईल का?"

"लस भाजली की मरती."

"जरा लांबनं धरा की. नुसती जात जळंल इतकी."

"गोमूत्रात कालवली तर?" रावसाहेबांनी गंभीरपणे विचारलं. मी नुसते हात जोडले.

तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला. "मामंजी, पोरगं माझं हाय. लावाय सांगा."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि गोजराबाईला बोलावणं धाडलं. ती पोरीला कडेवर घेऊन अंगणात उभी राहिली.

"पोरगी देतो की," ती म्हणाली. "पर ती सोप्यात बसंल. वर. आन् वहीत तिचं नाव लिवा. हरेक पोराच्या म्होरं."

आमच्या रजिस्टरात लस कुणाच्या हातावरून घेतली ते लिहायचं असतं. मागच्या खेपेला तिनं विचारलं होतं आणि मीच तिला वाचून दाखवलं होतं. बाईनं ते बरोबर ध्यानात ठेवलं.

"एकदा लिहितो," रावसाहेब म्हणाले. "खाली बाकीच्यांपुढं नुसती रेघ ओढतो."

"रेघंच्या दंडाला फोड आल्यात व्हय?"

मला हसू आवरेना. रावसाहेब माझ्याकडं वळले. "शेख, रजिस्टर दरबारात जातं. महाराजांच्या नजरेस पडलं तर?"

"म्हणून तर नीट लिहा, रावसाहेब."

महाराजांना शिवाशिव खपत नाही हे खात्यात प्रत्येकाला पाठ होतं. पाळत कुणी नव्हतं एवढंच. रावसाहेबांनी दौत पुढं ओढली.

तानी सोप्यात वर बसली. पहिला नंबर पाटलाच्या नातवाचा. त्यानं भोकाड पसरलं तशी तानी म्हणाली, "रडू नगंस, मुंगी चावल्यावानी हुतंय." त्यानं तिचा हात घट्ट धरला. म्हातारी किंचाळली, पण तोवर माझी सुई फिरून गेली होती. बावीस पोरं झाली. रजिस्टरात बावीस वेळा तानी.

निघताना गोजराबाईनं विचारलं, "आज तरी तहान हाय का न्हाय?"

"हाय," म्हणालो आणि तिच्या हातचा तांब्या तोंडाला लावला.

रोग त्या गावात आला, पण एकही पोर त्यानं नेलं नाही.

पुढं नातवाला शाळेत घालायला पाटील कोल्हापुरात आले. देवी काढल्याचा दाखला हवा होता. मी रजिस्टर बघून लिहायला घेतला, तसे ते माझ्या कानाशी आले. "त्या पोरीचं नाव तेवढं गाळता ईल का?"

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, पाटील. तुम्ही दंडावरची खूण खरवडून बघा."

पाटलांनी पोराची बाही वर केली. तीन वण होते. बराच वेळ ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लिवा. ठळक लिवा."

मी मात्र त्या वैशाखापासून एक रीत बदलली. नव्या नळ्या आल्या की पहिली नळी पाटलाच्या घरात फोडायची. सगळ्या गावच्या पाटलांना तो मान वाटायचा. मी कधी खुलासा केला नाही.