आडभिंतीपाशी लावलेली डिश

टोकियोजवळच्या उरायासुमधल्या एका इमारतीत, पाचव्या मजल्यावर, जयंतीने टीव्हीची सहा फुटी डिश स्वतः उभारली. मुंबईला परतणाऱ्या एका कुटुंबाकडून तिने ती घेतली होती. नवरा सत्यजित बँकेतून रात्रीच घरी येई, आणि घरात नाना होते. सासूबाई गेल्यानंतर सासऱ्यांना पुण्याहून आणून तीन महिने झाले होते. "हो", "नको", "जेवलो" यापलीकडे ते बोलत नसत. उपग्रहावर नुकतीच मराठी वाहिनी सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा तिने पाना हातात घेतला.

डिशच्या पाकळ्या जोडून झाल्या. तोंड नैर्ऋत्येला, समोर काही आडवं नको, आणि सरकवायची ती बोटभरच. बाल्कनीच्या एका टोकाला समोरची इमारत आडवी येत होती. दुसऱ्या टोकाला, शेजारच्या ओकादाबाईंच्या बाल्कनीलगतच्या पातळ आडभिंतीपाशी, आकाश मोकळं होतं. आडभिंतीवर लाल अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. तिला स्टेशनांच्या नावांपुरतंच जपानी वाचता येई. खिळे मारू नका असं असेल, म्हणून तिने खिळा न मारता डिशच्या पायांवर विटा रचल्या.

"नाना, पडद्यावरचा सिग्नलचा आकडा सांगाल?"

आतून आवाज आला. "बावीस."

"आता?"

"चाळीस. अगं, हळू! गेला बघ. हां... अठ्ठावन्न. आता हात लावू नकोस."

मराठी बातम्या लागल्या. बातम्या देणारी बाई परभणीच्या पाणीटंचाईबद्दल सांगत होती. नाना खुर्ची पुढे ओढून बसले, आणि त्या दिवसापासून जेवताना एखादं वाक्य बोलू लागले.

नोव्हेंबरात इमारतीचा आगीचा सराव झाला. व्यवस्थापक घरोघर फिरत जयंतीच्या बाल्कनीत आले आणि डिशपाशी थबकले. त्यांनी लाल अक्षरांवर बोट ठेवून, हातवारे करत अर्थ सांगितला. आग लागली, की ही भिंत लाथेने फोडून शेजाऱ्याकडे निसटायचं. इथे काहीही ठेवायचं नाही.

पलीकडून ओकादाबाईंनी कठड्यावरून डोकावून मान लववली. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. "जयंती-सान, दाइजोबु," त्या म्हणाल्या. काही हरकत नाही. गेले तीन आठवडे आपली सुटकेची वाट अडलेली पाहूनही त्या हेच मनात म्हणत असतील, असं वाटून जयंतीला मान वर करवेना.

गच्चीवर डिश लावायची, तर रहिवाशांच्या सभेची मंजुरी हवी. सभा एप्रिलमध्ये. तोवर नाना पुन्हा गप्प झाले तर?

व्यवस्थापक गेल्यावर ती पाना घेऊन बाहेर आली, पण बोल्टला लावेना.

"काय म्हणत होते ते?" नानांनी दारातून विचारलं.

तिने सांगितलं. "सत्यजित आले की बघू, नाना. एक-दोन दिवसांनी काय होतंय?"

"आत्ताच काढ." ते बाल्कनीत आले आणि डिशची कड दोन्ही हातांनी धरली. "तुझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या, तेव्हा आतून कडी होती. ती मला हाका मारत होती. दार तोडायला मला वीस मिनिटं लागली, जयंती."

हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. सत्यजितलाही माहीत नसावं. तिने पहिला बोल्ट सैल केला. आत बातम्यांचा आवाज तुटला आणि नुसती खरखर सुरू झाली. ती बंद करायला कोणी गेलं नाही.

"मग, नाना?"

"मग हाका थांबल्या," ते म्हणाले. डिश तोलून धरून ते पुढचं सांगू लागले.