पॅनेलमागची सावली

सौर पंप बसवणाऱ्या माणसाचा सावलीशी उभा दावा असतो. माझा तर इतका, की जळगावात रस्त्याने चालतानाही मी लोकांच्या गच्च्या बघतो, कोणत्या टाकीची सावली कुठे पडते ते. बायको म्हणते, जरा खाली बघून चाला, रिक्षा येतेय. पण काय करणार? पॅनेलच्या कोपऱ्यावर पळसाची दोन पानं येऊन पडली तरी पाणी कमी येतं, आणि मग बोलणी मला बसतात. झाड दिसलं की आधी ते केवढं वाढेल हे मनात येतं. हा काही चांगला स्वभाव नव्हे, पण पोट त्यावर चालतं.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात चोपड्याच्या वर, सातपुड्यात आत एका पाड्यावर काम निघालं. तिकडे आधी डांबर संपतं, मग खडी संपते, शेवटी रस्ताच संपतो. पॅनेल, पाइप, सिमेंट, सगळं पाड्यातल्या लोकांनी डोक्यावर आणि खांद्यावर वर आणलं. बोअर आधीच झालेली होती, पाणीही चांगलं लागलं होतं, पण वीज नाही. त्यामुळे बायका अजून नाल्यातला झिरा उकरून वाटी-वाटीने हंडा भरत होत्या. एक हंडा भरेपर्यंत माझा आणि माझ्या जोडीदाराचा चहा पिऊन व्हायचा. जोडीदार म्हणजे माझ्यासोबत कैक वर्षं काम करणारा फिटर, हाताने पक्का आणि तोंडाने फटकळ.

बोअरजवळ सपाट आणि मोकळी जागा एकच होती. बाकी सगळा उतार, नाहीतर मोहाची झाडं. मोहाच्या झाडाला तिथे कोणी हात लावत नाही आणि मीही तसलं काही सुचवून मार खाणार नव्हतो. म्हणून त्याच जागेवर खड्डे आखायला चुन्याची फक्की टाकली आणि पाड्यातली दोन माणसं सोबत घेऊन खड्डे खणायला लागलो. पुढचे दोन खड्डे झाले. मागच्या बाजूला घाणेरीचं रान माजलं होतं, ते तोडता तोडता जोडीदाराचा कोयता खणकन वाजला.

आत कमरेएवढा उभा दगड होता. त्यावर मोटारसायकलवर बसलेला एक तरुण कोरलेला. अंगात निळा शर्ट, हातात घड्याळ, केसांचा भांग अगदी चापून पाडलेला. डोक्यावर एका बाजूला चंद्र, एका बाजूला सूर्य. ऑइलपेंट उडत चालला होता, पण शर्टाचा निळा अजून ताजा वाटत होता. पायाशी नारळाची करवंटी पडली होती. गेलेल्या माणसाचा असा दगड तिकडे उभारतात हे मी ऐकून होतो, पण आपल्याच फक्कीच्या रेघेपासून हातभर अंतरावर तो निघेल असं वाटलं नव्हतं.

मी सोबतच्या माणसांकडे बघितलं.

"म्हताराना पोऱ्या शे," एक जण म्हणाला.

"मग सकाळी सांगायचं नाही का?"

"आमले वाटनं तुमले माहीत शे."

मला राग आला, पण तो कोणावर काढायचा हे कळेना. हा म्हातारा समोरच्याच घरात राहायचा, पण तो बाजाराला चोपड्याला गेला होता. त्याला विचारल्याशिवाय पुढे काम करणं शक्य नव्हतं. तो नाही म्हणाला तर सामान परत खाली जाणार आणि बायका झिऱ्यावर राहणार, हेही स्पष्ट होतं. दुपारभर आम्ही हातावर हात ठेवून बसलो. समजावणीचं काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, आणि प्रत्येक वाक्य मलाच खोटं वाटत होतं.

उन्हं कलल्यावर म्हातारा आला. पिशवी खाली ठेवून त्याने आधी दगडाभोवतीची तोडलेली घाणेरी बाजूला सारली. मग खड्डे बघितले.

"यानी सावली कोठे पडी?" त्याने विचारलं.

मला वाटलं, बसली मेख. मुलावर लोखंडाची सावली पडायला नको असणार. मी घाईने म्हणालो, "आबा, फार नाही पडायची. पाहिजे तर आणखी पुढे सरकवतो, दगडाला ऊन लागेल एवढं बघतो."

त्याने मान हलवली. "नको भाऊ. पडू द्या."

मग तो सांगायला लागला. मुलगा खाली केळीच्या बागांत घड कापायला जायचा. मे महिन्यात एकदा बरं वाटेना म्हणून भरदुपारी निघाला, चढ चढून इथवर आला, बसला तो उठलाच नाही. घर समोर दिसत होतं.

"बठ्ठा जलम उन्हमा गया त्याना," म्हातारा म्हणाला. "आते तरी सावलीमा राहू द्या."

उभ्या आयुष्यात माझ्याकडे कोणी सावली मागितली नव्हती.

म्हातारा घरी गेल्यावर जोडीदार म्हणाला, "चला, सुटलो. उद्या मागचे खड्डे घेऊ." पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र चालू झालं होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा पॅनेलची सावली मागे लांबवर पडते, दगडावर नक्की पडली असती. मे महिन्यात भरदुपारी तो डोक्यावर येतो आणि सावली पॅनेलच्या पोटाखाली शिरते. म्हणजे ज्या वेळी मुलगा गेला, नेमका त्या वेळी दगड उन्हात.

"खड्डे बुजवायचे," मी म्हणालो. "सगळंच मागे सरकवू. दगड पॅनेलखाली आला पाहिजे."

"मागे मोहाची फांदी आहे. संध्याकाळी सावली कोपऱ्यावर येईल. तुला चालेल?"

"चालेल."

"ताप आलाय का तुला?"

मी त्याला मे महिन्याचं सांगितलं. तो थोडा वेळ दगडावरच्या निळ्या शर्टाकडे बघत राहिला आणि सकाळी उजाडताच पहार घेऊन स्वतःच मागे गेला. मुरूम इतका टणक होता की खड्ड्यागणिक त्याने मला शिव्या दिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पॅनेलवरची धूळ आणि जोडण्या तपासायला मी एकटाच वर गेलो. पोचायला ऐन दुपार झाली. टाकीच्या नळावर बायकांची गडबड होती, झिऱ्याकडची पायवाट पाचोळ्याने बुजत आली होती. म्हातारा पॅनेलखाली दगडाला पाठ टेकून बसला होता. पॅनेलखाली कोणी बसू नये असा नियम आहे, तो मीच सगळीकडे सांगत फिरतो.

मला बघून तो थोडा सरकला.

"बसा भाऊ. आठे सावली शे."

मी बसलो. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. मी मागे हात नेऊन दगडाला लावून पाहिला. तो तापलेला नव्हता.