ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा

कर्णेकाकांचा आवाज दणदणीत आणि काळीज चिमणीएवढं. देवाने दोन वेगळ्या माणसांचा माल चुकून एकाच पिशवीत भरला असावा. प्रार्थनाघराच्या माइकवरून काका रोज लोकांना प्रार्थनेला बोलावत, कोण वारलं ते सांगत आणि सापडलेल्या छत्र्या-किल्ल्या जाहीर करत. शेवटचं वाक्य ठरलेलं: "ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी." घरात झुरळ निघालं की मात्र हेच काका खुर्चीवर आणि काकू चप्पल घेऊन जमिनीवर.

मतदान तोंडावर आलं तसा उमेदवाराचा पुतण्या चिठ्ठी घेऊन आला.

"काका, एवढं वाचा. तुमच्या आवाजात आलं की लोकांना थेट वरून आल्यासारखं वाटतं."

चिठ्ठीत होतं: परधर्मीयांच्या दुकानाची पायरी चढू नका. साहेबांनाच मत द्या. आपला धर्म धोक्यात आहे.

गल्लीत परधर्मीयाचं दुकान एकच, काकांच्या भिंतीला भिंत लावून बसलेल्या घड्याळजीचं. वाचावं तर त्याच्या दुकानाची काच फुटणार. न वाचावं तर पुतण्याचे चार दोस्त दारातच उभे होते, आणि त्यांचे दंड काकांच्या मांड्यांएवढे होते.

काकांनी वाचलं. डोळे दारातल्या दंडांवर होते, आवाज मात्र नेहमीसारखा घुमला. "आपला धर्म धोक्यात आहे," इथे चिठ्ठी संपली. भेदरलेली जीभ सवयीने पुढे गेली. "ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावा."

गल्ली खदखदून हसली. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक हसता हसता खुर्चीतून घसरलं.

"काका, काय छाती आहे तुमची," जो तो म्हणू लागला.

"छाती कसली, जीभ घसरली," काका काकुळतीने सांगत होते. कोणी ऐकेना. घड्याळजी हात जोडून आला.

"उपकार झाले, भाऊ."

"मोठ्याने मानू नका हो उपकार," काका कुजबुजले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी पुतण्या घरीच आला. काकांनी गळ्याला मफलर गुंडाळून ठेवला होता.

"घसा बसलाय," काका खरखरत म्हणाले.

"बोलूच नका," पुतण्याने प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कालचं रेकॉर्ड केलंय. शेवटचं तेवढं कापलं."

तो जिना उतरला, आणि थोड्याच वेळात गल्लीतल्या सगळ्या कर्ण्यांतून काकांचा आवाज घुमला. स्वच्छ, ठाम, कुठेही न अडखळता. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, बाहेर जाऊन सांगा ना, हे तुम्ही नाही म्हणून," काकू म्हणाल्या.

काका अनवाणी खाली धावले. "हा मी बोलत नाहीये," ते रस्त्यात उभं राहून म्हणाले. पण डोक्यावर त्यांचाच आवाज एवढा मोठा होता की त्यांना स्वतःलाही ते ऐकू आलं नाही. लोक आज हसत नव्हते. येता-जाता त्यांच्याकडे पाहून आदराने मान लववत होते. पुतण्याचे दोस्त कोपऱ्यावरून चालत येत होते.

घड्याळजीने एकदा कर्ण्याकडे पाहिलं, एकदा काकांच्या हलणाऱ्या ओठांकडे, आणि शटर खाली ओढलं.