काचेआडचा अजगर

आमच्या महाडच्या फोटोग्राफरांना आपल्या अजगराचा फार अभिमान. मुंबईच्या राणीच्या बागेत काचेतून काढलेला त्याचा फोटो त्यांनी दुकानात लावला होता. मी पेपर वाचायला गेलो की रोज ऐकवायचे, "बघा हं, काचेत मी कुठे दिसतो का? कॅमेरा काचेला भिडवायचा. भिऊन लांब उभं राहिलं की आपलंच तोंड फोटोत येतं."

चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेल्यावर बिरवाडीच्या अस्पृश्य वस्तीतले एक पेन्शनर हवालदार छातीवर बिल्ले लावून फोटो काढायला आले. "हवालदार, तू अंगणातच शोभतोस," म्हणत फोटोग्राफरांनी त्यांना बाहेर उभं केलं, खिडकीची काच लावली आणि फोटो आतून काढला. अजगराच्या काचेला नाक लावणारा हा गृहस्थ या काचेपासून मात्र चांगला चार हात लांब उभा होता. दुकानाच्या मागच्या दारातलं ऊन फोटोग्राफरांच्या पांढऱ्या कोटावर पडलं होतं.

फोटो मुंबईहून धुऊन आला. आपलं काम तपासून बघायची फोटोग्राफरांना सवय नव्हती. बंद पाकीट त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं. हवालदारांनी ते उघडलं.

"सायेब, ह्यात तुमीपण आलाव की. माज्या खांद्याला खांदा लावून."

"ठेव तो खाली. दुसरा काढून देतो."

"नाय, ह्योच बरा हाय."

हिसकावून घ्यावा, तर हाताला हात लागला असता. पुढे केलेला हात फोटोग्राफरांनी मागे घेतला.

त्या वस्तीत ते जन्मात कधी गेले नाहीत. तिथल्या एका भिंतीवर मात्र ते अजून हवालदारांशेजारी उभे आहेत.