प्रशिक्षकाच्या रकान्यात

अनुदानाच्या अर्जात एक प्रश्न होता : तुमच्या उपक्रमामुळे गावातली हिंसा किती कमी झाली, ते आकड्यांत सांगा. त्या प्रश्नावर मी दिवसभर डोकं आपटलं. फुटलेली डोकी मोजता येतात, सरकारी दवाखान्यात त्यांची नोंद असते. न फुटलेली कशी मोजायची? तिसगावात बाजारतळामागच्या पडीक जागेत मी कबड्डीचं मैदान सुरू केलं ते त्यांच्यासाठीच. वरची आळी आणि खालची आळी यांचं वैर कशावरून सुरू झालं हे आता कुणालाच आठवत नाही. पण गाडीला कट मारला, मिशीला पीळ दिला, एवढ्यावर पोरं काठ्या काढायची. मी शाळेतली निवृत्त पी.टी.ची बाई. दोन्ही आळ्यांची पोरं मी मुद्दाम एकाच संघात घेतली. सुरुवातीला त्यांनी एकमेकांच्या बरगड्या मोडायचा प्रयत्न खेळातच केला. मी म्हटलं, चालेल, निदान नियमात आहे.

त्यांना शिकवायचा तो वरच्या आळीतला एक तरुण. त्याला सगळे कप्तान म्हणत. अंगाने आडवा, बोलायला कमी, आणि हात फार लवकर उठायचा. खालच्या आळीतल्या एकाचं मनगट त्याने मोडलं होतं, त्याची केस झाली, मग आणखी एक झाली. आता पुन्हा नाव आलं तर जिल्ह्यातून तडीपार करीन, असं फौजदारांनी त्याच्या वडिलांना बोलावून बजावलं होतं. मैदानावर आल्यापासून त्याने कुणावर हात उचलला नव्हता. हे मला माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं, कागदावर मात्र कुठेच नव्हतं. म्हणून अर्जातल्या प्रशिक्षकाच्या रकान्यात मी त्याचं नाव लिहिलं. अनुदान मंजूर झालं असतं तर त्याला पगार मिळाला असता, आणि फौजदारांपुढे ताठ मानेने उभं राहता आलं असतं. मला दुसरं काही नको होतं.

पाहणीला अनुदान देणाऱ्या संस्थेकडून, पुण्याहून, एक बाई आणि एक तरुण येणार होते. त्यांनी आधीच कळवलं होतं, स्थानिक लोकांचा सहभाग दिसला पाहिजे. आता आमच्याकडे सहभाग म्हणजे फ्लेक्स. पोरगी झाली फ्लेक्स, दहावा असला फ्लेक्स, बैल शर्यतीत आला तरी फ्लेक्स. पोरांनी वर्गणी काढून भलामोठा फ्लेक्स केला. वर पाहुण्यांचं स्वागत, मध्ये कप्तान, खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून प्रत्येकाचा गॉगल लावून, कानाला मोबाईल धरून काढलेला फोटो. फ्लेक्स लाकडी चौकटीवर ठोकायचं काम वरच्या आळीच्या पोरांनी केलं, आणि एक खिळा नेमका खालच्या आळीतल्या चढाईपटूच्या फोटोच्या डोळ्यात गेला. आमचा सगळ्यात चपळ गडी तो. अनुदान देणाऱ्यांना आमचे चेहरे दाखवायला निघालो, आणि त्यातच घात झाला.

पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, चहा नुकताच दिला होता. तेवढ्यात चढाईपटू खालच्या आळीतली चार पोरं घेऊन आला. फ्लेक्ससमोर उभा राहून त्याने खिळ्यावर बोट ठेवलं.

"वर्गणी मी बी दिल्ती. माझा डोळा कुनी फोडला?"

वरच्या आळीतलं कुणीतरी हसलं. त्या हसण्याला मी अजून क्षमा केलेली नाही. चढाईपटूने चौकटीला लाथ घातली, फ्लेक्स टरकावला आणि चौकटीची खालची पट्टी उपसली. खिळे तसेच बाहेर. पहिला फटका हसणाऱ्याच्या कानशिलावर बसला आणि तो गुडघ्यावर आला. मग काय विचारता. खुर्च्या उडाल्या, चहाचं पातेलं कुणाच्या तरी पाठीवर गेलं, एकाने दुसऱ्याचं तोंड मध्यरेषेच्या फक्कीत दाबून धरलं. फक्की लाल झाली. मी शिट्टी फुंकत होते, शिव्या देत होते, पोरांचे शर्ट मागून ओढत होते. माझ्या हातात एकाची फाटलेली बाहीच तेवढी राहिली.

मी कप्तानाकडे पाहत होते. त्याच्या मुठी वळल्या होत्या. गेलं सगळं, असं मला वाटलं.

"साखळी धरा," तो ओरडला.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला कोंडायला पकड करणारे हातात हात घालून साखळी करतात. रोज संध्याकाळी घोकून घेतलेली गोष्ट. पोरांनी सवयीने जवळ सापडेल त्याचं मनगट धरलं, आळी बघायला वेळच मिळाला नाही. हात धरल्यावर मारायला हात उरत नाहीत. कप्तान मधोमध होता, दोन्ही हात गुंतलेले, तोंड उघडं. पट्टी आधी त्याच्या खांद्यावर आली, मग जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दातांसकट रक्त त्याच्या छातीवर आलं. त्याने हात सोडले नाहीत. साखळी आवळत गेली, चढाईपटू मध्ये दाबला गेला, पट्टी खाली पडली आणि मारामारी थांबली.

पाहुण्यांतला तरुण मोबाईलवर हे सगळं चित्रित करत होता. तेव्हा मला त्याचा राग आला होता. नंतर वाटलं, बरं झालं.

कप्तानाच्या वडिलांनी तक्रार दिली नाही. तक्रार द्यायची म्हणजे पोराचं नाव पुन्हा पोलिसांच्या कागदावर. चढाईपटूवर त्यामुळे केस झाली नाही. पोलिसांनी आपणहून नावं लिहिली ती आधीपासून फाईलीत असलेली, आणि त्यात कप्तान पहिला. नगरच्या दवाखान्यात त्याचे दात तारेने बांधलेले असतानाच तडीपारीची नोटीस आली. मी पुणं गाठलं. याने हात उचलला नाही एवढं लिहून द्या, नाहीतर ते चित्रण द्या, म्हणून त्या बाईंपुढे बसले.

"स्थानिक वादात पडणं आमच्या धोरणात बसत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती साखळी फारच बोलकी होती हं. अनुदान मंजूर झालंय. फक्त प्रशिक्षकावर पोलीस केस नको."

टेबलावरचा काचेचा पेपरवेट माझ्या मुठीत होता. कुठे मारायचा हेही मी ठरवलं होतं. तो खाली ठेवून मी उठले.

कप्तानाला मी सांगितलं, अनुदान गेलं खड्ड्यात, मी नाही सही करणार. त्याने मान हलवली. तारेमागून शब्द कसेबसे बाहेर येत होते.

"माझं नाव खोडा, बाई. त्याचं लिवा."

"कुणाचं?"

त्याने चढाईपटूचं नाव घेतलं. "त्याच्यावर केस न्हाई. खेळ बी लई येतो."

"अरे, त्याने तुझं तोंड फोडलंय."

"म्हनून तर. मोकळा ऱ्हायला तर दुसऱ्याचं फोडंल."

जबडा सांधायच्या आत त्याला जिल्हा सोडावा लागला. सोलापूरकडे मामाच्या गावी गेला. त्याची आई मला बाजारात भेटते तेव्हा मीच रस्ता बदलते.

माझा निरोप मिळाल्यावर चढाईपटू माझ्या दारात आला तेव्हा मी अंगणात होते. मी त्याच्या थोबाडीत मारली, मग दुसऱ्या हाताने मारली. हातांना मुंग्या येईपर्यंत मारत राहिले. त्याने हात पाठीमागे घट्ट धरले होते. मला एका ढकलीत आडवं करील असा गडी, पण जागचा हलला नाही. ओठ फुटला तो त्याने पुसलाही नाही.

"हानून झालं आसंल तर सही कुठं करायची ते सांगा," तो म्हणाला.

प्रशिक्षकाच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलेला कागद मी पुढे केला. त्याने ओट्यावर टेकून सावकाश सही केली. अक्षर चांगलं होतं, याचाही मला राग आला.